बांधलेले इंजिन प्रथम सुरू करताना

विहिरीवरील डिझेल इंजिनात नवे लायनर, रिंगा व बेअरिंगे बसवून झाली, की पिकाला पाणी देण्याची घाई होते. बिघाड होतो तो बहुधा याच घाईत. वंगण पोचण्यापूर्वी इंजिनाने वेग घेतला, तर धातूवर धातू घासून नवे बेअरिंगही जळते.

म्हणून तेलाची पातळी पाहून, डिझेल बंद ठेवून व डीकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल सावकाश बराच वेळ फिरवावे. काम कंटाळवाणे खरे. पण बेअरिंगच्या किमतीपुढे हाताचे श्रम स्वस्तच. नंतर डिझेलच्या नळीतील हवा काढावी, थंड करणारे पाणी चालू आहे हे पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटक्याने मनगट मोडते.

प्रथम निळसर धूर आला तरी घाबरू नये. ठोका ऐकू आल्यास मात्र इंजिन तत्काळ बंद करावे. बिनभाराने तासन्‌तास चालविणेही हितावह नाही, कारण रिंगा लायनरशी नीट बसण्यास भार लागतो. तो हळूहळू वाढवावा. पहिले तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे, कारण त्यात धातूचा बारीक कीस उतरलेला असतो.