क्लाऊडची परीक्षा : पाठांतर नव्हे, सराव महत्त्वाचा

नाशिक (प्रतिनिधी) : अभियांत्रिकी वा संगणकशास्त्राची पदवी हाती पडली, की नाशिकच्या अनेक तरुणांची पावले पुणे-मुंबईच्या दिशेने वळतात. मुलाखतीस जाताना पदवीबरोबर एखादे व्यावसायिक प्रमाणपत्र असावे, या हेतूने 'क्लाऊड'च्या परीक्षांचा विचार होतो. गूगल कंपनीची 'असोसिएट क्लाऊड इंजिनीअर' ही त्यांपैकीच एक. तिचे शुल्क १२५ डॉलर अधिक कर, म्हणजे दहा हजार रुपयांहून अधिक आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. म्हणूनच ही परीक्षा नेमके काय तपासते, हे शुल्क भरण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे.

साधुग्राम आणि क्लाऊड

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक गरजेपुरते भाड्याने घेण्याची व्यवस्था. नाशिककरांना ती समजावून सांगण्यास सिंहस्थाचे उदाहरण पुरेसे आहे. २०१५ च्या सिंहस्थात तपोवन परिसरात साधुग्राम वसविण्यात आले. पाणी, वीज, निवारा यांची सोय पर्वकाळापुरती करण्यात आली. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीसाठी कोणी कायमचे शहर बांधून ठेवत नाही. संगणकांचेही तसेच आहे. गर्दी वाढली की यंत्रे वाढवायची, ओसरली की परत करायची आणि वापरले तेवढ्याचेच पैसे मोजायचे.

ही यंत्रे अर्थातच ढगात नसतात. ॲमेझॉनने २०१६ मध्ये, तर गूगलने २०१७ मध्ये मुंबई विभाग सुरू केला. गूगलच्या मुंबई विभागात तीन स्वतंत्र 'झोन' आहेत. एका झोनमध्ये बिघाड झाला तरी दुसऱ्यातून काम चालू राहावे, हा त्यामागील उद्देश. अर्थात, त्यासाठी यंत्रणेची मांडणी आधीच एकाहून अधिक झोनमध्ये करून ठेवावी लागते.

प्रश्नांचे स्वरूप

परीक्षा दोन तासांची असून तीत ५० ते ६० बहुपर्यायी प्रश्न असतात. पूर्वपात्रतेची अट नाही. मात्र प्रत्यक्ष कामाचा किमान सहा महिन्यांचा अनुभव असावा, अशी गूगलची शिफारस आहे. निकालात गुण कळत नाहीत, केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच समजते. प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य धरले जाते.

व्याख्या विचारण्याऐवजी एखादा प्रसंग देऊन निर्णय विचारणे, हे या परीक्षेचे वैशिष्ट्य. समजा, द्राक्ष निर्यातदाराच्या संकेतस्थळावर जानेवारी ते एप्रिल या काळात गर्दी होते व एरवी ते शांत असते. अशा वेळी वर्षभर मोठे यंत्र घ्यावे, की कर्मचाऱ्याने दरवेळी हाताने यंत्रे वाढवावीत, की गर्दीनुसार आपोआप वाढणारा-घटणारा यंत्रांचा समूह उभारावा? येथे तिसरा पर्याय योग्य ठरतो.

दुसरे उदाहरण बाजार समितीचे घेऊ. कांद्याचे आजचे भाव सतत पाहिले जातात, पाच वर्षांपूर्वीच्या नोंदी क्वचितच. नेहमीच्या माहितीसाठी 'स्टँडर्ड', तर जुन्या माहितीसाठी 'नियरलाइन', 'कोल्डलाइन' वा 'आर्काइव्ह' हे साठवणीचे प्रकार आहेत. या तिन्हींचा किमान कालावधी अनुक्रमे ३०, ९० व ३६५ दिवस आहे. साठवण जितकी स्वस्त, तितके माहिती परत काढणे महाग. त्यामुळे केवळ दर पाहून उत्तर निवडणारा फसतो.

प्रश्न इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी 'कमीत कमी खर्चात', 'कमीत कमी देखभालीत' अशा अर्थाच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. दोन पर्याय तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले, तरी अचूक उत्तर ठरते ते या शब्दांवरूनच. अधिकारवाटपाच्या प्रश्नांतही कामापुरताच अधिकार देणे, हेच सूत्र असते. केवळ फाइल पाहायची असणाऱ्याला संपूर्ण प्रकल्पाची मालकी देणारा पर्याय चुकीचाच.

सराव आणि बिल

नव्या ग्राहकांना गूगल सध्या ९० दिवसांसाठी ३०० डॉलरची सवलत देते. या काळात आभासी यंत्र सुरू करणे, बंद करणे, संकेतस्थळ चढविणे, ते मुद्दाम बिघडविणे आणि नोंदी पाहून दुरुस्त करणे, असा सराव करावा. माऊसने केलेले प्रत्येक काम आज्ञा टंकित करूनही करून पाहावे, कारण परीक्षेत आज्ञांवरही प्रश्न येतात.

मात्र सवलत संपल्यानंतर सशुल्क खाते वापरणाऱ्यांनी सावध राहावे. यंत्र बंद केले तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते. खर्चाची मर्यादा ओलांडल्याची सूचना ई-मेलने मिळते. परंतु ती सूचना खर्च आपोआप थांबवीत नाही. सराव संपताच संपूर्ण प्रकल्पच काढून टाकणे, हा सर्वांत सोपा उपाय.

मूलभूत संकल्पना कच्च्या असतील, तर 'एनपीटीईएल'वरील आयआयटी खरगपूरचा क्लाऊड कम्प्युटिंगचा अभ्यासक्रम उपयुक्त आहे. त्याचा अभ्यास विनामूल्य करता येतो. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क पडते.

'डम्प'चा मोह टाळा

फुटलेल्या प्रश्नांचे संच 'डम्प' या नावाने विकले जातात. त्यांतील उत्तरे अनेकदा चुकीची वा कालबाह्य असतात. शिवाय हा नियमभंग असून, तो उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. त्याहून मोठी अडचण मुलाखतीत येते. समोरचा अभियंता 'हे यंत्र सुरू होत नाही, आधी काय पाहाल?' असे विचारतो, तेव्हा पाठ केलेले पर्याय मदतीला येत नाहीत.

परीक्षा केंद्रावर अथवा घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली देता येते. घरून देणाऱ्यांना रिकामे टेबल, एकांताची खोली व स्थिर इंटरनेट जोडणी आवश्यक असते. ज्यांच्या भागात वीज वारंवार जाते, त्यांनी केंद्रच निवडावे. ओळखपत्रावरील व नोंदणीतील नाव तंतोतंत जुळते, याचीही खात्री करावी.

अनुत्तीर्ण झाल्यास पहिल्या प्रयत्नानंतर १४ दिवस, दुसऱ्यानंतर ६० दिवस व तिसऱ्यानंतर वर्षभर थांबावे लागते आणि प्रत्येक वेळी शुल्क नव्याने भरावे लागते. त्यामुळे तारीख आधी ठरवून मग अभ्यासाला लागण्यापेक्षा, बिघडलेली यंत्रणा पुस्तक न उघडता दुरुस्त करता येऊ लागल्यावरच शुल्क भरणे शहाणपणाचे ठरेल.