निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातील नायट्रेट

माळवा आणि महाराष्ट्र यांना केवळ शिंदेशाहीचा इतिहासच जोडतो असे नाही. उज्जैनच्या शेतांखाली असलेला काळा कातळ आणि त्यावरील काळी माती विदर्भात, खानदेशात व मराठवाड्यातही आढळते. त्यामुळे उज्जैन जिल्ह्यातील विहिरींच्या पाण्याचा प्रश्न आपल्याही गावांना लागू पडतो. हा प्रश्न नायट्रेट या क्षाराचा आहे.

उज्जैन परिसरात गहू, लसूण, बटाटा, कांदा ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. त्यांना दिलेल्या युरियापैकी पिकाने न शोषलेला नत्र जमिनीतील सूक्ष्म जीवांमुळे नायट्रेटमध्ये रूपांतरित होतो. शेणाचे उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतूनही तो निर्माण होतो. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि पावसाबरोबर कातळाच्या भेगांतून विहिरी व कूपनलिकांपर्यंत पोहोचते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालानुसार मध्य प्रदेशातील एक पंचमांशाहून अधिक, तर महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ही मर्यादा ओलांडली गेली होती. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव या जिल्ह्यांचा त्यात विशेष उल्लेख आहे.

या दोषाचा सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतील बालकांना असतो. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट बनते. ते रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असा बदल घडविते की, त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते. बालकाचे ओठ व नखे निळसर पडतात, धाप लागते आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेतते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. कॉमली यांनी १९४५ मध्ये विहिरीचे पाणी व बालकांचा हा विकार यांचा संबंध प्रथम दाखवून दिला. वरचे दूध त्या पाण्यात कालवून बालकांना दिले जात होते.

येथे एक गैरसमज दूर होणे अत्यावश्यक आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही. उलट, ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले एक लिटर पाणी आटून पाऊण लिटर झाले, तर त्यातील प्रमाण लिटरमागे ६० मिलिग्रॅम होते. तुरटी, क्लोरीन किंवा फडक्याची गाळणी यांचाही येथे उपयोग नाही. रंग, वास वा चव यांवरून हा दोष ओळखता येत नाही. पाण्याची तपासणी हाच एक मार्ग होय.

म्हणून ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावेत आणि निष्कर्ष चावडीवर व शाळेत लावावेत. दूषित स्रोतावर तशी पाटी लावून गावाला दुसऱ्या स्रोताचे पाणी द्यावे. शेतकरी बांधवांनी माती परीक्षणानुसार युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा. उकिरडे व शोषखड्डे विहिरींपासून दूर असावेत. सहा महिन्यांपर्यंत बालकास केवळ आईचेच दूध द्यावे, कारण आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. वरचे दूध देणे भागच असेल, तर ते तपासलेल्या पाण्यातच करावे. बालक निळसर दिसू लागताच विलंब न लावता त्याला रुग्णालयात न्यावे आणि घरी कोणते पाणी वापरले जाते, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.