चिपच्या पायावर किती ओझं?

दोस्तांनो, समजा विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही आपोआप फिरणारा पंखा बनवलात. प्रोग्रॅम अगदी बरोबर. बटण दाबलं, मोटर जराशी थरथरली आणि सारं ठप्प! चिपला बोट लावावं तर चटका बसतो. काय बरं झालं असेल?

मायक्रोकंट्रोलर चिप म्हणजे प्रकल्पाचा मेंदू. मेंदू हुकूम सोडतो, पोती उचलत नाही. आपण मात्र त्यालाच हमाली करायला लावतो!

आर्डुइनो उनो या बोर्डावरची एटीमेगा ३२८पी ही चिप घ्या. तिच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, हद्दी स्पष्ट छापल्या आहेत. एका पायातून फार तर ४० मिलिअँपिअर, वीजपुरवठ्याच्या पायांतून २०० मिलिअँपिअर आणि पुरवठा ६ व्होल्टपर्यंत. पण बरं का, या रोजच्या कामाच्या हद्दी नव्हेत. यापलीकडे चिप मरू शकते! रोजच्या वापरात एका पायावर २० मिलिअँपिअर आणि पुरवठा ५.५ व्होल्ट, याच्या आत राहावं. म्हणूनच ९ व्होल्टची बॅटरी थेट चिपला कधीही जोडू नका.

आता थोडं गणित. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. ५ मधून २ गेले, उरले ३. सोबत २२० ओहमचा रेझिस्टर लावला, तर ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर. छान! रेझिस्टरच नसेल, तर एलईडी आणि चिपचा पाय दोघंही धोक्यात. आणि असे १५ दिवे एकदम लावले तर? १५ गुणिले १४, म्हणजे २१०. प्रत्येक पाय सुखरूप, पण एकूण हद्द ओलांडली!

५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते. मोटर सुरू होताना तर त्याहून कितीतरी जास्त. इथे मदतीला येतो ट्रान्झिस्टर. चिपचा पाय १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच्या बेसला जेमतेम ४ मिलिअँपिअर देतो आणि रिलेचं ओझं ट्रान्झिस्टर उचलतो. कॉइल बंद होताना मात्र जोराचा उलटा झटका देते. तो जिरवायला कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावा. त्याची पांढरी पट्टी धन बाजूला हवी.

आणखी एक लपलेला शत्रू आहे. थंडीत स्वेटर काढताना तडतड आवाज येतो ना? ती स्थिर वीज. तिचा झटका आपल्याला जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिप त्याहून पुष्कळ कमी व्होल्टलाही बिघडू शकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही! म्हणून चिप उचलण्याआधी जमिनीत गेलेल्या लोखंडी पाइपच्या नळाला हात लावा. चिप कडेनं धरा आणि जोडणी बदलताना वीज बंद ठेवा.

रिलेला घरातली २३० व्होल्टची वीज जोडायचा मोह मात्र टाळा. तिथे धोका चिपला नाही, तुमच्या जिवाला असतो. आई-बाबांनो, इथे तुमचंही लक्ष हवं.

चला तर, वहीत तीन रकाने आखा: भाग, व्होल्टेज, प्रवाह. बेरीज हद्दीत बसली, की मगच बटण दाबा!