निदानाची सुरुवात गोठ्यातच होते

संकरित गाईला १०५-१०६ अंश फॅरनहाइट ताप आहे, ती चाऱ्याला तोंड लावत नाही, दूध निम्म्यावर आले आहे आणि खांद्यापुढची गाठ बोटांना सहज लागेल इतकी सुजली आहे. गोठ्यात गोचीड असेल, तर पशुवैद्यकाच्या मनात पहिले नाव थायलेरियाचे येते. पण गोचिडांमुळे होणाऱ्या तापांत बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा हेही आहेत, आणि सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत हे तिन्ही आजार एकमेकांसारखे दिसू शकतात. औषधे मात्र वेगवेगळी आहेत. थायलेरियावर बुपार्व्हाक्वोन, बबेसियावर डिमिनाझिन, ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. बुपार्व्हाक्वोनची मात्रा दर किलो वजनाला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या गाईला नेहमीच्या तीव्रतेचे २० मिलिलिटर इंजेक्शन लागते, आणि ते स्वस्त नसते. यांपैकी नेमके काय द्यायचे याचा निर्णय कानाच्या कडेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब, एक काचपट्टी, जिम्साचा रंग आणि तासाभराचा वेळ यांवर होऊ शकतो. हा तास ज्या दवाखान्यात कोणी देत नाही, तिथे अंदाजाने एक औषध दिले जाते, दोन दिवसांनी दुसरे आणि मग तिसरे. गाय वाचली तर उपचार बरोबर ठरतात, मेली तर आजारच वाईट होता असे म्हटले जाते. दोन्ही वेळा आजार कोणता होता हे कळत नाही.

ही तपासणी सोपी आहे, पण ती बिघडायला फार थोडे पुरते. कानावरचे केस काढून जागा स्पिरिटने पुसली आणि स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली, तर तांबड्या पेशी तिथेच फुटतात. थेंब दुसऱ्या काचेने साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात एका हाताने, न थांबता ओढावा लागतो. जाड थर आला तर पेशी एकमेकींवर चढतात. काचपट्टी लगेच हवेत वाळवली नाही, तर पेशी आक्रसतात आणि माश्या त्यावर बसून रक्त चाटून जातात. मग मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटे. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली मिथेनॉलची बाटली ओलावा ओढून घेते आणि त्या पाण्यामुळे पेशींत चकाकणारी वर्तुळे दिसू लागतात. नवशिक्याला ती परजीवी वाटतात. शेजारच्या कपाटात फॉर्मॅलिनची बाटली नीट बंद नसेल, तर तिच्या वाफेनेही रंग बिघडतो. सगळ्यांत फसवा प्रकार रंगाच्या साक्याचा. जुना, न गाळलेला जिम्सा काचेवर गडद कण सोडतो. असा कण तांबड्या पेशीच्या कडेवर बसला, की तो हुबेहूब ॲनाप्लाझ्मासारखा दिसतो. फरक ओळखायची युक्ती साधी आहे. मायक्रोस्कोपचा फोकस किंचित वरखाली केला की साका पेशीपेक्षा वेगळ्या पातळीवर असल्याचे दिसते, आणि तसेच कण पेशी नसलेल्या जागीही सापडतात. रोज स्लाइड पाहणाऱ्याला हे काही सेकंदांत कळते. सहा महिन्यांतून एकदा पाहणारा बाटलीतल्या घाणीवर उपचार सुरू करतो.

माझे म्हणणे याच टोकाशी सुरू होते. नमुना दूषित होणे आणि दवाखान्यातले प्रयोगशाळेचे कौशल्य कमी होणे, या दोन तक्रारी वेगवेगळ्या म्हणून मांडल्या जातात. प्रत्यक्षात ती एकच तक्रार आहे. नमुना कधी ना कधी बिघडतोच. काळजी घेणाऱ्याचाही बिघडतो. तो बिघडला आहे हे ओळखून टाकून देणे आणि दुसरा घेणे, हे पहिले कौशल्य. ते पुस्तकातून येत नाही, हाताखालून पुष्कळ स्लाइड गेल्याने येते. साडेपाच वर्षांच्या पदवीत, त्यातही शेवटच्या वर्षभराच्या आंतरवासितेत, विद्यार्थी हे सगळे करतो. नंतर कृत्रिम रेतन, लसीकरण, कानातले बिल्ले, योजनांच्या नोंदी आणि गावोगावची फिरती यांत मायक्रोस्कोपवरचे कव्हर निघेनासे होते. हात सुटतो, मग विश्वास सुटतो, आणि एकदा विश्वास सुटला की तपासणी करण्यापेक्षा न करणेच सुरक्षित वाटू लागते.

कासदाहाचे उदाहरण याहून महागडे आहे. पशुपालक ज्याला दगडी म्हणतात त्या आजारात दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून जीवाणू वाढवले जातात आणि त्यावर कोणते प्रतिजैविक चालते ते पाहिले जाते. सगळे अवलंबून असते ते नमुना घेताना सडाचे टोक किती स्वच्छ होते यावर. कास चिखलाने माखली असेल तर धुऊन पूर्ण कोरडी करायची. पहिल्या तीन-चार धारा टाकून द्यायच्या. मग ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने सडाचे टोक कापूस मळेनासा होईपर्यंत पुसायचे. पुसताना आधी पलीकडचे सड, मग जवळचे. धार घेताना उलटे, आधी जवळचे, मग पलीकडचे, म्हणजे हात किंवा बाही पुसलेल्या सडाला लागत नाही. ट्यूब तिरकी धरायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, आणि नमुना बर्फात ठेवून शक्यतो २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा. एवढे करूनही एका सडाच्या नमुन्यातून तीन किंवा अधिक वेगवेगळ्या प्रकारचे जीवाणू वाढले, तर तो सामान्यतः दूषित मानून नव्याने घ्यायचा असतो. हा नियम माहीत नसेल, तर अहवालात आलेले शेणातले आणि कातडीवरचे जीवाणू कासेच्या आजाराला जबाबदार धरले जातात, त्यांच्यावर चालणारे प्रतिजैविक निवडले जाते आणि ते कासेत सोडले जाते. शेणातल्या जीवाणूवर उपचार झाला, गाईवर नाही. दूध मात्र दिवसेंदिवस ओतून द्यावे लागते, किंवा, त्याहून वाईट, न ओतता डेअरीला घातले जाते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नीट घेतलेल्या नमुन्यातही बऱ्याचदा काहीच वाढत नाही, कारण गाईच्या शरीराने जीवाणू आधीच संपवलेला असतो. मिनेसोटातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौम्य आणि मध्यम कासदाह झालेल्या गाईंचे दूध फार्मवरच तपासले आणि तपासणीत गरज दिसली तरच प्रतिजैविक दिले. कासेतल्या प्रतिजैविकांचा वापर निम्म्यावर आला आणि गाई बऱ्या होण्यात फरक पडला नाही. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घालणाऱ्या भारताला हा मार्ग परका वाटायचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे मोठ्या प्रयोगशाळांवर सोडावे. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विभाग आहेत, खासगी प्रयोगशाळा वाढत आहेत. गावातल्या दवाखान्याने नमुना पाठवायचा आणि अहवाल वाचायचा. मोठ्या प्रयोगशाळा हव्यातच. जीवाणूंची नेमकी ओळख किंवा ब्रुसेलासारख्या आजाराची पक्की खात्री तिथेच होईल. पण प्रयोगशाळा आलेलाच नमुना तपासते. गोठ्याच्या जमिनीवरून उचललेल्या शेळीच्या लेंड्यांत मातीतले जंतही येतात आणि उकाड्यात काही तासांत अंड्यांतून अळ्या निघतात. तो नमुना कितीही नामांकित संस्थेत गेला, तरी शेळीच्या पोटात नसलेले जंत दाखवणार. लेंड्या थेट गुदद्वारातूनच घ्यायच्या हे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसालाच पाळावे लागते. शिवाय अनेक तालुक्यांत जवळची प्रयोगशाळा माणसांची असते आणि जनावरांचे रक्त तिथेच जाते. माणसाच्या तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर, शेळीचे १६ ते २५. माणसासाठी बसवलेले यंत्र शेळीच्या पेशींचा मोठा भाग मोजत नाही, किंवा प्लेटलेट म्हणून मोजते. छापील अहवाल नीटनेटका दिसतो, त्यावर सही असते, आणि शेळीला तिला नसलेला रक्तक्षय चिकटतो. हा आकडा चुकीचा आहे हे ज्याने शेळीच्या रक्ताची स्लाइड स्वतः पाहिली आहे, त्यालाच खटकते.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रांचा आहे. दवाखान्यात ठेवता येतील अशी जनावरांसाठीची रक्ततपासणी यंत्रे आली आहेत आणि पीसीआर तर परजीवीचा अगदी अत्यल्प अंशही पकडतो. मग डोळे शिणवायचे कशाला? यंत्रे वेळ वाचवतात, हे खरे. पण रक्तपेशी मोजणाऱ्या बऱ्याच यंत्रांना गोठलेल्या प्लेटलेटचे पुंजके कळत नाहीत, आणि तांबड्या पेशीत बसलेला परजीवीही दिसत नाही. पीसीआरची अडचण उलटी आहे. थायलेरियातून बरी झालेली गाय पुढे दीर्घकाळ वाहक राहते. तिला उद्या दुसऱ्या कारणाने ताप आला, तरी पीसीआर थायलेरिया दाखवणार. आजचा ताप त्याचाच आहे का, हे ठरवायला पेशींत परजीवी किती आहेत आणि गाठीच्या स्मिअरमध्ये थायलेरियाची खूण असलेल्या कॉकच्या निळ्या वस्तू दिसतात का, हे पाहावे लागते. यंत्र जितके संवेदनक्षम, तितकी दूषित नमुन्याची चूकही मोठी होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. एका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे अनेक गावे, रिकामी पदे, १९६२ या हेल्पलाइनवरचे फोन, आणि दारात उभा असलेला पशुपालक म्हणतो, ‘डॉक्टर, इंजेक्शन द्या, जनावर चाललंय.’ अशा माणसाला तासभर जिम्सा करत बस म्हणणे अन्यायाचे वाटते. पण इथे मागणी फार मोठी नाही. रक्ताचा स्मिअर, शेणाची मिठाच्या पाण्यातली तपासणी, आणि सडाच्या दुधाची सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, एवढे तीन प्रकार प्रत्येक दवाखान्यात पक्के हवेत. शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये मांडलेली सीएमटी तर एका मिनिटाच्या आत होते. साबणासारख्या द्रावणाने पेशी फुटतात आणि दूध घट्ट होते, एवढाच तिचा आधार. स्मिअर ओढून रंगवण्याचे काम प्रशिक्षित पर्यवेक्षक करू शकतो, वाचायला डॉक्टरला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ताप उतरवणारे औषध देऊन गाईला थोपवता येते. शिवाय अंदाजाने दिलेल्या तीन औषधांचा खर्च, चुकलेले दोन दिवस आणि फुकट गेलेले दूध शेवटी पशुपालकाच्याच खिशातून जाते. तो तास वाचल्यासारखा वाटतो, पण त्याचे पैसे गोठ्यात भरले जातात.

काही आजारांत मात्र पैशाचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. जनावर एकाएकी मेले, नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर काळपुळीचा म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय घ्यायचा आणि शव फाडायचे नाही. फाडले की जीवाणू हवेच्या संपर्कात येऊन बीजाणू तयार करतात, आणि ते मातीत अनेक दशके टिकतात. अशा वेळी कानातल्या एका थेंबाचा स्मिअर पॉलिक्रोम मिथिलिन ब्लूने रंगवतात. चौकोनी टोकांच्या साखळ्यांभोवती गुलाबी आवरण दिसले, तर उत्तर मिळाले. मॅकफॅडियन यांनी हे १९०३ मध्ये दाखवून दिले. पण मरून काही तास झाले की आतड्यातले कुजवणारे जीवाणू रक्तात शिरतात. तेही जाड आणि लांबट असतात, फक्त त्यांना ते आवरण नसते. इथे मृत्यूनेच नमुना दूषित केलेला असतो, आणि दोन्हींतला फरक ओळखणारा डोळा तालुक्यात नसेल तर मेलेल्या गाईभोवती जमलेल्या कातडी कमावणाऱ्यांपासून शेजारच्या मुलांपर्यंत सगळ्यांना धोका असतो.

भारतातल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळांची सुरुवात आपल्याकडेच झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची मूळ इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यात उघडली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. आज गरज नव्या इमारतींपेक्षा नेमाने चालणाऱ्या सरावाची आहे. प्रत्येक दवाखान्याने ठरावीक स्लाइड जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला पुन्हा वाचायला पाठवाव्यात, चुका कळवल्या जाव्यात, जिम्सा आणि मिथेनॉलचा पुरवठा वेळेवर व्हावा, आणि या कामाची नोंद लसीकरणाच्या नोंदीइतकीच धरली जावी. पशुपालकांनाही एक सांगणे आहे. तापाच्या गाईला इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘कानाचं रक्त बघितलं का?’ हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, आणि तो वारंवार विचारला गेला तर दवाखान्यातला मायक्रोस्कोप पुन्हा वापरात येईल.