घरगुती उष्णजल यंत्रांची निगा : पिंपरी-चिंचवड आणि चाकण

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा औद्योगिक पट्टा उष्णतेवर चालतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड व कालांतराने चाकण येथे कारखान्यांची रांग लागली. यांतील अनेक ठिकाणी भट्टी धगधगत असते, बाष्पक चालू असते किंवा रंगकामापूर्वी सुटे भाग धुण्यासाठी पाणी तापविले जात असते. उष्णतेची साधने बनविणारे नामवंत कारखानेही येथेच आहेत. १९६६ साली ‘वॅन्सन इंडिया’ या नावाने सुरू झालेल्या आणि १९८० पासून ‘थरमॅक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योगाचा कारखाना चिंचवडला आहे. कासारवाडीला फोर्ब्स मार्शलमध्ये वाफेच्या नियंत्रणाची उपकरणे तयार होतात, तर चाकणला रॅकोल्डच्या कारखान्यात घरगुती गिझर बनतात.

कारखान्यातील बाष्पकावर कायद्याची देखरेख असते. १९२३ च्या अधिनियमाने त्याची नोंदणी आणि ठरावीक मुदतीची तपासणी आवश्यक केली. २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या अधिनियमाने घेतली. तपासणीचे तत्त्व मात्र कायम राहिले. भट्टीच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर कोठे झिजले आणि ते केव्हा बदलावयाचे, याचीही नोंद चांगल्या कारखान्यात ठेवली जाते. परंतु ज्या उपकरणात पाणी शंभर अंश सेल्सियसच्या आतच तापते, ते कायद्याच्या दृष्टीने बाष्पक ठरत नाही. त्यामुळे पाळी संपवून घरी परतलेल्या कामगाराच्या न्हाणीघरातील यंत्र पाहण्यास कोणीही निरीक्षक येत नाही. दिवसभर कारखान्याच्या यंत्राला वेळच्या वेळी वंगण घालणारा कुशल तंत्रज्ञ घरचा गिझर बंद पडेपर्यंत उघडून पाहत नाही, हे खरोखर नवल होय.

थंड देशांत घरातील खोल्या महिनोन्महिने उबदार ठेवाव्या लागतात आणि ऐन हिवाळ्यात घरची भट्टी किंवा हीट पंप बंद पडणे हे तेथे संकटच असते. या पट्ट्यात खोल्या तापविण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो आंघोळीच्या पाण्याचा. पूर्वी हे काम तांब्याच्या बंबाने केले. बंबाचा एक गुण असा की, त्याचा दोष लपत नसे. नळीत काजळी साचली की धूर घरात येई, राख साठली की जाळ धरत नसे आणि घरातील कोणीही तो दोष दूर करू शके. आजच्या साधनांचे तसे नाही. ती बिघडू लागली तरी बराच काळ पाणी तापवीत राहतात.

हीट पंपाचे कार्य

गेल्या काही वर्षांत गृहनिर्माण संस्था, वसतिगृहे आणि रुग्णालये यांच्या गच्चीवर हीट पंप दिसू लागले आहेत. त्याचे तत्त्व घरच्या फ्रीजचेच आहे. फ्रीज आतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता उपसून पाण्यात सोडतो. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती आणि १९३८ पासून झुरिचच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातील उष्णतेवर चालणारा असा पंप वापरात आला. येथे विजेचे काम उष्णता निर्माण करण्याचे नसून ती वाहून नेण्याचे असते. म्हणून एक युनिट वीज खर्चून साधारणतः तीन युनिट उष्णता पाण्यास मिळते.

हिशेब सोपा आहे. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २.९ युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला त्यासाठी तीन युनिटांहून थोडी अधिक वीज लागेल. सुस्थितीतील हीट पंपाचे काम एका युनिटाच्या आसपास भागेल. युरोपात हिमकाळात पंपाच्या बाहेरील जाळीवर बर्फ धरतो व तो वितळविण्यात वीज जाते. पुणे परिसरातील हिवाळ्यात ती अडचण सहसा येत नाही. म्हणजे हवामान या यंत्रास अनुकूल आहे. प्रतिकूल आहेत त्या दोन गोष्टी : धूळ आणि पाणी.

पुणे-नाशिक महामार्गावरील अखंड मालवाहतूक, चालू असलेली बांधकामे आणि कारखान्यांचा परिसर यांमुळे हवेत धूळ भरपूर असते. पंपाच्या बाहेरील पातळ पत्र्यांच्या जाळीत ती साचली की हवा खेळत नाही, उष्णता कमी उपसली जाते आणि काँप्रेसर अधिक वेळ चालतो. अशी जाळी दीड-दोन महिन्यांनी वीज बंद करून, मऊ ब्रशने व हलक्या धारेने धुणे एवढेच काम असते. जोराची धार मात्र मारू नये, कारण पत्रे वाकतात आणि मग ते पूर्ववत होत नाहीत.

पाण्याचा प्रश्न अधिक खोल आहे. पिंपरी-चिंचवड शहरास पवना धरणाचे पाणी मिळते व ते तुलनेने मृदू असते. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाल्यानंतर अनेक गृहसंस्थांना विंधनविहिरी व टँकर यांचा आधार घ्यावा लागला. बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात आणि पाणी तापले की त्यांचा थर कॉइलवर व टाकीच्या तळाशी बसतो. प्रत्येक लिटरमागे केवळ ५० मिलिग्रॅम क्षार साचले, तरी रोज शंभर लिटर पाणी तापविणाऱ्या टाकीत वर्षाला सुमारे १.८ किलोग्रॅम थर तयार होतो. या थरातून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कॉइल आतल्या आत तापते आणि शेवटी जळते. दुकानदाराकडे तक्रार मात्र ‘कॉइल हलकी होती’ अशी जाते.

यावर उपाय माहितीचे आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची काठिण्यमर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असून, अन्य पाणी उपलब्ध नसल्यास ती ६०० पर्यंत चालते. काठिण्य या दोहोंच्या मध्ये असेल, तर पाणी पिण्यास चालेल, परंतु गिझरला वर्षातून एकदा सफाई लागेलच. तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवल्यास थर कमी बसतो. टाकीतील मॅग्नेशियमची सळई स्वतः झिजून टाकीचा पत्रा गंजण्यापासून वाचविते. ती संपली की गंज पत्र्याकडे वळतो. ही सळई टाकीत असते, हेच अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. सुरक्षा-झडपेतून तापविताना थेंब गळतात, तो बिघाड नव्हे. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की ते सुमारे पावणेचारशे मिलिलिटरने फुगते आणि तेवढ्यास वाट हवी असते. गळती थांबविण्यासाठी ही झडप बंद करून टाकणे म्हणजे टाकीचा स्फोट ओढवून घेणे होय.

झाकलेला बिघाड

हीट पंप असो वा सौर संच, त्यांच्या जोडीला बहुधा विजेची कॉइल बसविलेली असते. ढगाळ दिवसासाठी किंवा अडीअडचणीसाठी ती योग्यच आहे. परंतु मूळ यंत्र बंद पडले तरी ही कॉइल निमूटपणे पाणी तापवीत राहते, नळाला गरम पाणी येते आणि कोणाचीही तक्रार नसते. वायूच्या गळतीने हीट पंप महिनोन्महिने मृतवत पडून राहतो व त्याचा पत्ता केवळ वीजबिलास असतो. या यंत्रांच्या विश्वसनीयतेविषयी जे प्रतिकूल मत ऐकू येते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे आहे.

याची परीक्षा करण्यास तंत्रज्ञ लागत नाही. कॉइलचे बटण बंद करावे, टाकीतील पाण्याचे तापमान मोजावे, मीटरवरील आकडा टिपावा आणि पाणी तापल्यावर दोन्ही नोंदी पुन्हा घ्याव्यात. लिटरांची संख्या व वाढलेले अंश यांचा गुणाकार करून त्यास ८६० ने भागले की पाण्याला मिळालेली उष्णता युनिटांत कळते. तिला खर्च झालेल्या युनिटांनी भागल्यास उत्तर तीनच्या जवळ यावयास हवे. ते दीडवर आले, तर कारागिरास बोलवावे. निवासी शाळेतील विज्ञान शिक्षकास हा प्रयोग आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. त्यात शाळेच्या बिलाचीही तपासणी होईल.

सौर संचाची कथा थोडी वेगळी आहे. काचनळ्यांच्या संचात फिरणारा भाग नाही, म्हणून त्यास निगा लागत नाही असा समज आहे. गच्चीवरील टाकी पाण्यावाचून रिकामी राहिली, तर नळ्या उन्हात कोरड्या तापतात. भर दुपारी त्यांत एकदम गार पाणी शिरले की काच तडकते. ज्या दिवशी पाणी उशिरा येते, त्या दिवशी संच सायंकाळी भरावा, ही साधी सूचना गच्चीच्या दारावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

गॅस गिझर आणि भाड्याच्या खोल्या

आतापर्यंतचे नुकसान पैशाचे होते. गॅस गिझरच्या बाबतीत प्रश्न जिवाचा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर वीस मिनिटांत सुमारे तीनशे ग्रॅम गॅस जाळतो आणि तेवढ्यासाठी जवळजवळ पावणेचार घनमीटर हवा लागते. लहान न्हाणीघरात एकंदर हवाच सात घनमीटरांच्या आसपास असते. दार-खिडकी बंद असेल तर ज्वाळेला प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. सिलिंडरमधील गॅस गळल्यास वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नाही, रंग नाही. डोके जड होते, भोवळ येते आणि कडी उघडण्यापूर्वीच शुद्ध हरपते. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात मृत्यू ओढवल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यांमागील कारण बहुधा हेच असते.

म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांत परगावहून आलेले असंख्य कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. तेथील न्हाणीघरे लहान व कोंदट असतात, आणि भाडेकरू वर्षा-दोन वर्षांनी बदलत असल्याने गिझर कोणी, कसा बसविला हे पुढच्यास माहीत नसते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. आपल्याकडे तसा नियम होईल तेव्हा होवो. ग्रामसभेत हा विषय घेऊन घरमालकांना तीन गोष्टी सांगण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. न्हाणीघराला बंद न होणारी जाळी असावी. ज्वाळा निळी सोडून पिवळी दिसू लागली, तर बर्नर साफ होईपर्यंत गिझर पेटवू नये. विजेच्या गिझरबाबतही अर्थिंग तपासून घेणे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसविणे, हे घरमालकाचेच काम मानले पाहिजे.

खंडेनवमीला या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रे पुसून त्यांची पूजा केली जाते. पावसाळा संपून दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची गरज सुरू होण्यापूर्वीचा हाच काळ घरच्या व संस्थेच्या उष्णजल यंत्रांच्या वार्षिक सफाईस सर्वांत सोयीचा आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या बाबतीत देखभालीचा करार, त्याची मुदत आणि शेवटच्या सफाईची तारीख यंत्राजवळच लावलेल्या फलकावर असल्यास, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास कागदपत्रांची वाट पाहावी लागणार नाही.