‘टाइम’चं ‘तिमे’ का होतं?

नववीतला एक मुलगा. त्याच्यासमोर मी इंग्रजीच्या पुस्तकातला एक उतारा ठेवला आणि म्हटलं, वाच. त्याने घडाघडा वाचला. मी वहीत लिहिलं, ‘वाचन ठीक’. पुढच्या मुलाला हाक मारणार तेवढ्यात सहज म्हणून त्याच उताऱ्यातला ‘आफ्टर’ हा शब्द कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहून त्याच्यापुढे सरकवला. तो गप्प. बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘ताई, हा धड्यात कितव्या ओळीत आहे ते सांगा, मग सांगतो.’’

पोरानं अख्खा धडा पाठ केला होता. बोट ओळीवरून फिरत होतं, पण वाचन चाललं नव्हतं. ही माझ्या पायलटच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. त्या संध्याकाळी मी आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या आणि लक्षात आलं की यातल्या एकाही नोंदीवर विश्वास ठेवता येणार नाही. मला वाटत होतं मी वाचन मोजतेय. प्रत्यक्षात मी पाठांतर मोजत होते. प्रयोगशाळेत वजनकाटा शून्यावर न आणता आठवडाभर वजनं घेत राहावं, तसला प्रकार.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. तेव्हा नववीतल्या मुलाने आठ वर्षं इंग्रजीच्या तासाला बसून काढलेली असतात. तरीही साधा तीन अक्षरी शब्द वाचता न येणारी मुलं वर्गात असतात, आणि ती थोडीथोडकी नसतात. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांमधली १४ ते १८ वयोगटातली मुलं तपासली गेली. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी निघाली ५७.३ टक्के. ज्यांना वाक्यं वाचता आली, त्यांच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. हे दोन आकडे वेगवेगळे दिलेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वाचता न येणं आणि वाचलेलं न कळणं हे दोन निराळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही निराळी आहेत.

या फरकाला संशोधनात एक जुनं, फार देखणं सूत्र आहे. १९८६ मध्ये गफ आणि टनमर यांनी मांडलं की आकलनासह वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिहिलेल्या खुणांवरून शब्द उलगडता येणं, आणि तो शब्द कानावर पडला तर त्या भाषेत समजणं. बेरीज का नाही? कारण बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी काहीतरी देऊन जाते. गुणाकारात एक शून्य झाली की सगळंच शून्य. इंग्रजी शब्दांचे अर्थ भरपूर ठाऊक असलेला मुलगा शब्द उलगडू शकत नसेल तर पानासमोर तो निरक्षरच. उलट मला स्पॅनिशमधलं एक वाक्य उच्चारता येईल, पण कळणार त्यातलं काहीच नाही.

आता आपल्याकडे काय होतं बघा. नववीतला मुलगा इंग्रजीत नापास झाला की त्याला काळ शिकवले जातात, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवलं जातं, रोज दहा स्पेलिंगं पाठ करायला देतात. हे सगळं गुणाकारातल्या दुसऱ्या संख्येवरचं काम. पहिली शून्य आहे हे कुणी तपासलेलंच नसतं, कारण आठ वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला अक्षरांचे आवाज येत नसतील असं कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय मुलगा ते लपवतो. चौदाव्या वर्षी ‘मला वाचता येत नाही’ हे वर्गात कबूल करण्यापेक्षा धडा पाठ करणं सोपं, आणि त्यात तो वाकबगार झालेला असतो.

मग तपासायचं कसं? उलगडणं मोजायला संशोधनात निरर्थक शब्द वापरतात. एन-ओ-पी, ‘नॉप’. एम-ई-बी, ‘मेब’. हे शब्द कुठल्याच धड्यात नाहीत, त्यामुळे पाठ असण्याची शक्यता नाही; वाचलं तर अक्षरं जोडूनच. समज मोजायची तर उलट करायचं: आपण इंग्रजी वाक्य वाचून दाखवायचं आणि प्रश्न मराठीत विचारायचा, उत्तरही मराठीत घ्यायचं. इंग्रजीत उत्तर मागितलं तर आपण आकलनाबरोबर बोलणंही मोजायला लागतो आणि कुठे गाडं अडलं ते कळत नाही. तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात: मुलाला मराठी वाचता येतं का? त्याच ‘असर’ पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नव्हता. अशा मुलाचं दुखणं इंग्रजीपुरतं नसतंच.

समजा मराठी नीट वाचता येतं. तरीही इंग्रजी का येत नाही? इथे मला या विषयाची खरी गोडी लागली.

टी-आय-एम-ई हा शब्द मुलं ‘तिमे’ वाचतात. एन-आय-सी-ई चं ‘निके’ किंवा ‘निचे’. सी-यू-टी चं ‘कुट’. मास्तर चिडतात, मुलं हसतात. पण जरा थांबून बघितलं तर ‘तिमे’मध्ये एक कडक शिस्त आहे: आय म्हणजे इ, ई म्हणजे ए, यू म्हणजे उ. ही शिस्त आली कुठून? आपणच शिकवलेल्या ‘इंग्रजी बाराखडी’तून. के-ए क, के-आय कि, के-यू कु. तीच पद्धत पोरं मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहिताना दिवसभर वापरतात, आणि तिथे ती बिनचूक चालते! म्हणजे ‘तिमे’ वाचणाऱ्याला उलगडण्याची कल्पना कळलेली आहे, फक्त तो मराठीचे नियम इंग्रजीला लावतोय. ‘आफ्टर’ कितव्या ओळीत आहे असं विचारणाऱ्यापेक्षा तो पुष्कळ पुढे आहे. दोघांनाही परीक्षेत शून्यच मिळतो ही वेगळी गोष्ट. तुमच्या संशोधनात चुका नोंदवाल तेव्हा फक्त ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे रकाने करू नका. मुलगा नेमकं काय म्हणाला ते लिहा. माझा अर्धा डेटा त्या एका रकान्यात आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. देवनागरीत आपण एका वेळी ‘ब’ वाचतो, त्यात ब् आणि अ हे दोन आवाज एकजीव असतात. आपल्या लिपीचं एकक अक्षर आहे, सुटा आवाज नाही. इंग्रजीत मात्र बी हे चिन्ह फक्त ब् या सुट्या आवाजासाठी आहे. मराठी मुलगा बी-ए-टी जोडायला जातो तेव्हा त्याच्या तोंडी येतं ‘ब-ॲ-ट’, आणि कितीही भरभर म्हटलं तरी त्याचं ‘बॅट’ होत नाही. कन्नड मुलांच्या वाचनावर सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवलं की अक्षरलिपी पूर्ण आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात, आणि सुट्या आवाजांची जाणही तिथे सावकाश येते. मराठीची लिपीही त्याच घराण्यातली.

मग वय निघून गेलं का? प्रौढांना नवीन लिपी शिकवण्याबद्दल हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून १९७९ चा एक प्रयोग सांगते. मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालच्या ग्रामीण भागातल्या प्रौढांचे दोन गट घेतले. एक गट निरक्षर. दुसरा त्याच प्रकारच्या परिस्थितीतला, पण मोठेपणी साक्षरता वर्गात वाचायला शिकलेला. काम सोपं: शब्दाच्या सुरुवातीला एक आवाज जोडा, किंवा पहिला आवाज काढून टाका. निरक्षर गटाला ते जवळपास जमलंच नाही. मोठेपणी शिकलेल्यांना बऱ्यापैकी जमलं. यातून दोन गोष्टी निघतात. शब्द सुट्या आवाजांनी बनतो ही जाण वय वाढल्यामुळे आपोआप येत नाही, वर्णलिपी शिकताना ती तयार होते. आणि ती पंधराव्या वर्षानंतरही तयार होते.

तुलना म्हणून दोन गट कसे निवडले तेही लक्षात घ्या. शहरातल्या पदवीधरांशी तुलना केली असती तर फरक शिक्षणाचा, पैशाचा की लिपीचा हे कधीच सांगता आलं नसतं. प्रयोगाची सगळी ताकद त्या निवडीत आहे.

इंग्रजी लिपी मुळातच अवघड आहे हेही मान्य करायला हवं. २६ अक्षरं आणि सुमारे ४४ आवाज, त्यातले २० च्या आसपास स्वर, आणि स्वरांसाठी अक्षरं जेमतेम पाच. सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधली पहिलीची मुलं तपासली, तेव्हा फिनिश मुलं वर्षअखेरीस ओळखीचे शब्द ९५ टक्क्यांहून जास्त अचूक वाचत होती; इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुलं ३४ टक्के. घरात इंग्रजी बोलणाऱ्यांची ही गत. आपल्या नववीतल्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

पण एक दिलासा आहे. स्कॉट पॅरिस यांनी २००५ मध्ये मर्यादित आणि अमर्याद कौशल्यं असा फरक केला. अक्षरांचे आवाज हा मर्यादित साठा आहे, तो एकदाचा संपतो. शब्दसंग्रह आयुष्यभर संपत नाही. नववीच्या मुलापाशी वेळ कमी आहे, म्हणूनच संपणारं काम आधी घ्यावं असं माझं मत आहे. माझ्या विभागात यावर वाद आहे. काहींच्या मते या वयात बोलण्यापासूनच सुरुवात हवी, नाहीतर मूल कंटाळतं. कंटाळ्याचा मुद्दा खरा आहे. मिशी फुटलेल्या मुलाला ‘ए फॉर ॲपल’चा तक्ता दाखवला की तो उठून जातो, आणि बरोबर करतो.

म्हणून शब्द कुठले घ्यायचे यावर मी बराच वेळ घालवला. आपल्या मुलांच्या तोंडात शेकडो इंग्रजी शब्द आधीपासून आहेत: बस, बिल, पंप, टेस्ट, सिम, पिन, क्लच. क्रिकेटमध्ये तर खजिनाच आहे: बॅट, हिट, कट, रन, लेग, मिड, स्पिन. या शब्दांपुरती गुणाकारातली दुसरी संख्या तयार असते. अर्थ शिकवावा लागत नाही. सगळी ताकद उलगडण्यावर लावता येते, आणि ‘हे बाळांचं आहे’ असंही वाटत नाही.

सुट्या आवाजासाठी मराठीतलंच हत्यार वापरलं: पाय मोडणं. ‘‘इंग्रजीतल्या सगळ्या व्यंजनांचे पाय मोडलेले असतात,’’ एवढं एक वाक्य. बी म्हणजे ब नाही, ब्. ‘घर’ लिहितो घ-र, पण म्हणतो घर्, म्हणजे शेवटचा अ गिळणं आपल्याला येतंच; तेच इथे करायचं. ‘बॅट’ आणि ‘बॉल’मधल्या स्वरांसाठीही मराठीत ॲ आणि ऑ या खुणा आहेत, तेव्हा ए-टी च्या जवळ ‘ॲट्’ असं पेन्सिलीने लिहून चालतं. काही दिवसांनी मात्र ती पेन्सिल खोडायची. नाहीतर पोरं देवनागरीच वाचत बसतात आणि इंग्रजीकडे बघतच नाहीत. ही चूक मी केली, दोन आठवडे गेले.

आणखी एक चूक इथेच सांगते. सुरुवातीच्या तपासण्या मी वर्गातच, मागच्या बाकावर घेतल्या. वेगळी खोली मागायचा संकोच वाटला होता. एका मुलीने एन-ओ-पी वर अडखळल्यावर पुढची दोन पोरं वळून हसली, आणि ती नंतर कधीच तपासणीला आली नाही. पालकांची संमती, शाळेची परवानगी, सगळं कागदावर होतं. खोली नव्हती. आता मी एकेकाला वेगळं बसवते, दाराकडे पाठ करून. तुमच्या प्रस्तावात ‘तपासणी कुठे घेणार’ हा मुद्दा आला तर तो एका ओळीत संपवू नका.

‘आफ्टर’वाला मुलगा अजून येतो. बॅट, हिट, कट झालं, मग स्पिन वाचताना एस आणि पी जोडायला त्याला बराच वेळ लागला, पण जोडलं. त्यानंतर त्याने मला ओ-एन-ई लिहून विचारलं, ‘‘ताई, नियमाने याचं ‘ओन’ व्हायला पाहिजे. ‘वन’ कसं?’’ मी म्हटलं, ‘‘याला नियम नाही रे, हा पाठच करायचा.’’ तो म्हणाला, ‘‘ते येतंय मला.’’