लाईन आली, पण कम्प्युटर उठेना

मृगाच्या तोंडावर वादळी पाऊस झोडपून जातो आणि दारव्हा, आर्णी, घाटंजीकडची कितीतरी गावं रात्रभर अंधारात राहतात. गेल्या जूनमध्ये अशाच एका रात्रीनंतर मी गावातल्या सेवा केंद्रात बसलो होतो. सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं दारात ताटकळलेली. केंद्र चालवणारा पोरगा बटण दाबून दाबून रडकुंडीला आलेला. "लाईन आली भाऊ, पण हा चालूच नाही होऊन राहिला."

आपण लाईन जाण्याला दोष देतो. घात बहुतेक वेळा ती परत येताना होतो. वीज येताच फिडरवरचे फ्रिज, कूलर, मोटारी एकदम ओढू लागतात. व्होल्टेज बसतं, मग उसळतं. कम्प्युटरला आतून वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, तोंडाशी बऱ्याचदा एक थर्मिस्टर असतो. थंड असताना तो विजेचा पहिला लोंढा अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. पण वीज क्षणभर जाऊन लगेच आली, तर तो अजून गरमच असतो आणि लोंढा न अडता आत शिरतो.

वादळात न्यूट्रलची तार तुटली तर प्रकरण फार गंभीर. तीन फेजचा तोल तीच राखते. ती गेली की ज्या फेजवर भार कमी, त्या घरात २३० व्होल्टच्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या आसपासही व्होल्टेज चढू शकतं. एका घरात बल्ब भगभगतो आणि शेजारी मिणमिणतो, ही त्याची खूण. तेव्हा आधी मेन स्विच पाडा, कारण विचारायला नंतर जा.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपला सोडते. ओलावा आटतो आणि विजेला जमिनीत उतरायची वाट अवघड होते. म्हणजे वळवाच्या पहिल्या विजा कडाडतात, नेमकं तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणाऱ्या जुन्या वायरमनना हे पुस्तकाविना ठाऊक होतं.

त्या दिवशी आम्ही भिंतीपासून सुरुवात केली. सॉकेटमध्ये दुसरं उपकरण लावून पाहिलं, चाललं. मग प्लग काढला आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. याला जादू समजू नये. शटडाउन केलेल्या कम्प्युटरमध्येही पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो. झटका बसला की एसएमपीएस कधी कधी स्वतःला कुलूप घालून घेतो आणि वीज पूर्ण तोडून आतला साठा उतरल्याशिवाय ते उघडत नाही. (एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब चढलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. हा धक्का जीव घेऊ शकतो.)

प्लग पुन्हा लावला, पंखा फिरला. पडद्यावर तारीख आली १ जानेवारी, तीही कितीतरी वर्षांपूर्वीची. खाली ओळ: डिस्क सापडत नाही.

पोरगा म्हणाला, "हार्ड डिस्क गेली." मला तसं वाटलं नाही. मदरबोर्डवर रुपयाएवढा सीआर२०३२ सेल असतो, तीन व्होल्टचा. घड्याळ आणि सेटिंग तोच जपतो. प्लग लावलेला असला की हे काम स्टँडबाय पुरवठा करतो, त्यामुळे सेल संपला तरी कळत नाही. हा कदाचित कित्येक महिन्यांपूर्वीच संपला होता. रात्रभराच्या अंधाराने ते उघड केलं. आठवण पुसली गेली आणि डिस्कच्या जोडणीची, म्हणजे साटाची, सेटिंग एएचसीआयवरून जुन्या आयडीई पद्धतीवर परतली. डिस्क धडधाकट होती, तिच्याशी बोलायची रीत बदलली होती.

प्लग काढून नवा सेल बसवला, सेटिंग जागेवर आणली. तारीखही आठवणीने दुरुस्त केली, कारण ती चुकली तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ब्राउझर नाकारतो आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो. विंडोजने अर्धवट लिहिलेल्या फायलींची तपासणी सुरू केली. ती मध्येच तोडू नये. आम्ही चहा घेतला, दारातल्यांनाही दिला.

पहिला सातबारा छापून निघाला तेव्हा बाहेर पुन्हा आभाळ भरून आलं होतं. पोराने छपाई उरकली, शटडाउन केलं आणि खाली वाकून प्लगही काढला.